कापसाच्या हंगामातलं व्यापाराचं कपाट

दिवाळी सरली की आमच्या आदिलाबादेत खिडकीच्या जाळीला कापूस चिकटायला लागतो. मार्केट यार्डाकडे जाणाऱ्या गाड्यांतून तो उडतो, रस्त्याच्या कडेच्या बाभळींना लटकतो आणि तिथून वाऱ्याबरोबर घरात शिरतो. सकाळी चहा घेताना मी जाळीवरचा एखादा पुंजका चिमटीत धरते आणि ओढून बघते, धागा किती लांब निघतो ते. मी काही कापसाची व्यापारी नव्हे. माझा उभा जन्म पुस्तकांत गेला. पण ओढून बघितल्याशिवाय राहवत नाही. दिसतं तसं असेलच कशावरून?

हा माझा स्वभावच. आई म्हणायची, "ही पोरगी देवाच्या प्रसादाचाही वास घेऊन पाहील." घ्यायचेच मी वास. आमचं घराणं निजामाच्या काळापासून कचेरीत कारकुनी करणारं. आजोबांनी तहसिलात, वडिलांनी तहसिलात, जन्मभर लोकांचे अर्ज वाचले. अर्जात लिहिलंय ते एक आणि अर्जदाराच्या पोटात आहे ते दुसरं, हे आमच्याकडे बाळकडूसारखं पाजलं जायचं. त्यामुळे कुणी माझ्याशी गोड बोललं की मी आधी विचार करते, याला माझ्याकडून काय हवंय. ते कळलं की मला बरं वाटतं, मग त्या माणसाशी नीट बोलता येतं. कळलं नाही तर रात्रीचं जेवण अंगी लागत नाही.

यंदाही हंगाम आलाय. काल संध्याकाळी यार्डाच्या रस्त्याने चालले होते, तर ट्रॅक्टरांची रांग पार पेट्रोल पंपापर्यंत. थंडी मी म्हणत होती. ड्रायव्हर लोक टायरपाशी शेकोटी करून बसलेले, आणि हवेत तो सरकीचा कोंदट, तेलकट वास. त्या वासाने मला एकदम आमचं जुनं केंद्र आठवलं. आंध्र प्रदेशाचे दिवस होते ते. कोळशाच्या खाणींची बेल्लमपल्ली तेव्हा आमच्याच जिल्ह्यात होती, आणि हैदराबाद जेवढं आज लांब आहे तेवढंच तेव्हाही लांब होतं.

विद्यापीठाने आमच्या गावात एक पदव्युत्तर केंद्र उघडलं होतं. उघडलं म्हणजे काय, बस स्टँडच्या मागे एका जिनिंगवाल्याचा बंगला भाड्याने घेतला आणि त्याला पाटी लावली. मी तिथे सहायक ग्रंथपाल, तात्पुरत्या नेमणुकीवर. दर काही महिन्यांनी मुदतवाढीचा कागद यायचा, आणि तो येईपर्यंत माझ्या जिवात जीव नसायचा. त्या वर्षी केंद्रात व्यापार व्यवस्थापनाचा नवा अभ्यासक्रम सुरू झाला, आणि वर्ग भरायला लागल्यावर हैदराबादेहून कळवण्यात आलं की संक्रांतीनंतर तपासणी समिती येईल. या विषयाचा ग्रंथसंग्रह धड नसला, किंवा कुणी वापरत नसलं, तर अभ्यासक्रम वरंगलला हलवला जाईल. आधी कोर्स चालू करायचा आणि मग पुस्तकं आहेत का विचारायचं. लग्न लावून मग नवरा शोधायचा प्रकार.

वर्गात मुलं थोडीच. बहुतेकांना वरंगल काय, हैदराबाद काय, कुठेही जाता आलं असतं. रुक्माला नसतं आलं. ती जैनथकडच्या एका गावातली, पैनगंगेच्या काठची. घरी कापूस आणि ज्वारी. बापाने शिकायला परवानगी दिली होती ती एकाच अटीवर, सकाळच्या बसने जायचं आणि संध्याकाळच्या बसने घरी यायचं. अभ्यासक्रम वरंगलला गेला असता तर रुक्मा घरी बसली असती, आणि घरी बसलेल्या मुलीचं पुढे काय करतात ते सांगायला नको. पहिल्याच आठवड्यात ती माझ्या टेबलाशी येऊन उभी राहिली होती. "मॅडम, हा वर्ग इथंच राहील ना? का नेऊन राह्यले कुठं?" मी म्हटलं, बघू. मी कुणालाच बघूच्या पलीकडे काही सांगत नसे.

संग्रह उभा करायचा म्हणजे आधी पुरवठादार गाठायचा. हैदराबादेचा पुरवठादार स्वतः आला, पेट्याच्या पेट्या घेऊन. पसंत पडतील ती पुस्तकं ठेवा, बाकीची परत न्यायची, अशी पद्धत होती. आल्याबरोबर त्याने टेबलावर खाऱ्या बिस्किटांचा डबा ठेवला. मी बिस्किटाला हात लावला नाही, आधी पेट्या उघडल्या. वरून सगळी कोरी करकरीत, चकचकीत वेष्टनांची. मी एकाचं वेष्टन काढलं तर आत कापडी बांधणी विटलेली. दुसऱ्याच्या आतल्या पानावरची आवृत्ती जुनाट, त्यावर नव्या सालाची पट्टी चिकटवलेली. नाकाशी धरलं तर ओल्या गोदामाचा वास.

"मॅडम, आप तो पुलिस में होना था," तो हसत म्हणाला.

"गोदाम रिकामं करायला आमचंच गाव सापडलं का?" मी विचारलं. तोही मोठा प्रामाणिक गडी. म्हणाला, मालकाने सांगितलंय, लांबच्या केंद्रांवर खपवून या. झालं! हेतू कळला. मग मी बिस्कीट खाल्लं, चहा मागवला, आणि आम्ही दोघांनी बसून बरी पुस्तकं वेगळी काढली.

बरी म्हणजे बांधणीने बरी. आत काय होतं ते रुक्माने सांगितलं. ती एक जाडजूड पुस्तक घेऊन आली आणि माझ्यापुढे उघडून म्हणाली, "मॅडम, यात बर्फ पडून राह्यला."

खरंच पडत होता. कुठल्या तरी परदेशी गावात बर्फ पडतो, एक दुकानदार फावडी विकतो, आणि बर्फ वाढल्यावर त्याने किंमत वाढवावी की नाही यावर अख्खा धडा. दुसऱ्यात भल्या मोठ्या दुकानात गिऱ्हाईक कुठल्या बाजूने शिरतं याची चर्चा. बाहेर, आमच्या कुंपणापलीकडे, कापसाच्या गाड्या यार्डाकडे चालल्या होत्या आणि त्यांच्याबद्दल कपाटभर पुस्तकांत एक ओळ नव्हती. रुक्मा म्हणाली, "आमच्या कापसाचं कायीच नाई काय याच्यात? बर्फात फावडे इकून मी काय करू?" मुलं ती पुस्तकं नेतच नव्हती. वर्गात राव सर जेवढं सांगत तेवढं लिहून घेत आणि निघून जात.

राव सर म्हणजे विभागाचे प्रमुख. कोस्टाकडचे, समुद्रकाठच्या जिल्ह्यातले. मराठी येत नाही, हिंदी तोडकीमोडकी, आणि आदिलाबादेच्या थंडीत कानटोपी घालून शिकवणारे. एक दिवस ते मला म्हणाले, "मॅडम, इधर का माल होना. इधर का व्यापार, इधर के कागज." बाजार समितीची छापील भावपत्रकं, जिनिंगचे वार्षिक अहवाल, व्यापारी संघाची परिपत्रकं, सोसायट्यांचे आणि कोळशाच्या कंपनीचे अहवाल, हे सगळं जमवून एक वेगळं कपाट करायचं. कल्पना झकास होती. म्हणूनच मला शंका आली. हा माणूस इतका उत्साही काऊन? पगार तेवढाच मिळणार, गाव याचं नाही, भाषा याची नाही. रोज संध्याकाळी हा अडतींवर, कापसाच्या दलालांच्या गाद्यांवर जाऊन बसतो, तो कशाला?

गावात तर लोकांनी ठरवूनच टाकलं होतं, राव सरांचा मेहुणा विक्रीकर खात्यात आहे. त्यांना मेहुणाच नव्हता हे मला पुढे कळलं. पण तेव्हा मीही मनात म्हटलं, असेल बापा.

तरी निघाले मी कागद गोळा करायला. बेल्लमपल्लीला कोळसा कंपनीच्या कचेरीत गेले, तर तिथल्या बाबूने मला आपादमस्तक न्याहाळून विचारलं, "कौनसे यूनियन ने भेजा?" विद्यापीठाच्या ग्रंथालयाने, म्हटल्यावर तो आणखीच सावध झाला. असली युनियन त्याने ऐकली नव्हती. बाजारहत्नूरकडच्या एका गावी सोसायटीत गेले, तर सचिव म्हणाला कपाटाची किल्ली अध्यक्षांकडे आहे आणि अध्यक्ष म्हणाले सचिवाकडे. छापून वाटलेला अहवाल, त्यात गुपित ते काय! पण मला त्यांचा राग आला नाही. त्यांच्या जागी मी असते तर मीही किल्ली हरवली असती.

सगळ्यात रंगतदार झाली ती कोंडावार शेठची अडत. शेठ पिढ्यान् पिढ्यांचे कापसाचे अडते, घरात तेलुगू, गादीवर मराठी, बाहेरच्यांशी हिंदी. शेतकरी माल त्यांच्याकडे आणत, तेच लिलावात विकून देत. लिलाव उघड्यावर व्हायचा, बोली मोठ्याने. पण जुने व्यापारी आपसात भाव ठरवायचे ते अजूनही रुमालाखाली हात घालून, बोटं दाबून. तोंडाने हवापाण्याच्या गप्पा चाललेल्या आणि रुमालाखाली सौदा. मी पायरी चढले तेव्हा असाच एक रुमाल हातांवर पसरलेला होता. मला बघताच दोघांचे हात बाहेर आले.

"या मॅडम. लायबरीले आमचे कागद काऊन पायजे?" शेठनी विचारलं.

"मुलांना इथला व्यापार शिकायचाय."

"कागदावर शिकता येते काय व्यापार?" शेठ हसले. चहा आला, दुसऱ्यांदा आला. अखेर, छापलेलंच तर आहे, असं म्हणत त्यांनी व्यापारी संघाचा वार्षिक अहवाल गादीखालून काढून माझ्या हातात दिला.

आता माझी एक सवय. कागद हातात आला की तिथल्या तिथे शिक्का मारायचा. उद्या कुणी परत मागायला नको, दिलाच नव्हता म्हणायला नको. पिशवीत शिक्का आणि शाईचा पॅड घेऊनच मी फिरत असे. मी तिथेच, गादीच्या कडेवर, अहवाल उघडला आणि पहिल्या पानावर विद्यापीठाचा गोल जांभळा शिक्का ठण्णकन मारला.

शेठचा चेहरा उतरला. मुनीम उठून उभा राहिला. मला काही समजेना. मी नमस्कार करून निघाले, आणि संध्याकाळपर्यंत बाजारभर झालं की बस स्टँडमागच्या बंगल्यात वसुलीचं नवीन दफ्तर आलंय आणि त्यांनी कोंडावारांच्या कागदांची जप्ती केली.

हसू नका. आमच्याकडे जुन्या माणसांना गोल शिक्का म्हणजे एकच गोष्ट ठाऊक. वसुलीवाले यायचे, धान्याच्या कणगीवर, पेटीवर, दारावर गोल मोहोर उठवायचे, की ती वस्तू सरकारजमा. ग्रंथालयाचा शिक्का म्हणजे 'हे आम्ही जपून ठेवू' असं सांगणं, हे त्यांना कोण सांगणार? दुसऱ्या दिवशी मी बाजारात गेले तर मला बघून दुकानांची दारं अर्धी ओढली जात होती. एका दुकानदाराने तर आपलं कॅलेंडरसुद्धा उतरवून आत नेलं.

राव सर कपाळाला हात लावून बसले. "अब कोई कागज नहीं देंगा," म्हणाले. मलाही तसंच वाटलं.

पण चार-सहा दिवसांत कोंडावार शेठ स्वतःच ग्रंथालयाच्या दारात हजर. आपला अहवाल तहसिलात गेला की इथेच आहे, ते बघायला आले होते. मी कपाट उघडून दाखवलं. त्यांनी शिक्का पाहिला, मग शेजारच्या कोळसा कंपनीच्या अहवालावरचा शिक्का पाहिला, बर्फाच्या पुस्तकावरचा पाहिला, आणि माझ्याकडे वळून म्हणाले, "सगळ्याचीच जप्ती करून राह्यले काय तुमी?"

मी प्रथमच त्यांच्यासमोर हसले. ते हसले नाहीत. त्यांचे डोळे कपाटावर फिरत होते. "त्या जिनिंगवाल्याचा अहवाल नाई दिसून राह्यला," ते म्हणाले. दिला नाही त्यांनी, मी म्हटलं. "देईल. मी दिला म्हणून सांगा त्याले. मंग मले वाचाले इथं बसता येते ना?"

अशी गंमत. जिनिंगवाल्याने दिला, कारण त्याला शेठनी काय दिलंय ते बघायचं होतं. तिसऱ्याने दिला, कारण त्या दोघांनी दिला होता. दुपारी अडती थंड असल्या की एकेक जण हळूच यायचा, कपाटापुढे बसायचा, दुसऱ्याचा अहवाल चाळायचा आणि कुणी बघत नाही ना म्हणून मान वर करायचा. विश्वासाने मागितलं तेव्हा किल्ल्या हरवल्या होत्या, आणि आता संशयापोटी कपाट भरत चाललं. बाजार समितीने तर दर आठवड्याचं भावपत्रक पाठवायला सुरुवात केली. विद्यापीठातले मोठे लोक संग्रहविकासावर व्याख्यानं देतात. मी पुढे अनेक ऐकली. आमच्या कपाटासारखी रीत एकातही निघाली नाही.

कपाट भरलं आणि मग कागद नाहीसे व्हायला लागले.

भावपत्रकं जायची. शनिवारी जायची, सोमवारी परत यायची. पण परत येताना क्रम उलटासुलटा व्हायचा आणि घडी वेगळीच पडलेली असायची. हे सगळं संदर्भाचं, वाचनालयात बसून वाचायचं, घरी न्यायचं नाही, असा नियम. मला वाटलं, राव सर. मी त्यांना आडून आडून विचारलं आणि तेव्हाच त्यांच्या उत्साहाचं कारणही बाहेर पडलं. अभ्यासक्रम कायम झाला, की तो उभा करणाऱ्या प्रमुखाला आपल्या जिल्ह्यात बदली मागता येत होती. घरी म्हातारी आई होती त्यांची, समुद्रकाठच्या गावी. अडतींवर ते बसत, कारण संध्याकाळी दुसरीकडे कुठे बसावं हे त्यांना या गावात माहीत नव्हतं. मला इतकं हायसं वाटलं! त्या दिवसापासून राव सर मला माणूस म्हणून आवडायला लागले.

मग चोर कोण? शेठ लोकांवर नजर ठेवली, शिपायावर ठेवली. आणि एका शनिवारी दुपारी पुस्तकांच्या रॅकमधल्या फटीतून दिसलं, रुक्मा भावपत्रकं वहीत घालत होती आणि वही पिशवीत.

संध्याकाळी तिच्या मागे निघाले. बस स्टँडवर गाठली. "काढ ते कागद," म्हटलं. तिने काढले. रडली नाही, पाया पडली नाही, उलट माझ्यावरच उखडली.

"तुमी घरी देत नाई, मंग काय करू? माझ्या बापाले तेलुगू वाचता येत नाई. आमच्या गावात कोणालेच येत नाई. यार्डात ह्या चिठ्ठ्या लावते, पण सगळ्या तेलुगूत. कोणत्या मालाले काय भाव निघाला, कापसातली ओल किती धरायची, तिच्यापायी भावातून काय कापायचं, सगळं छापेल आहे मॅडम, अन् आमचे लोक तिथंच उभे राहून दुसऱ्याले इचारतात. मी वाचून दाखवते. रविवारी सगळे जमतात आमच्या वसरीत. सोमवारी आणून ठेवते ना मी परत?"

बस आली. लोक चढायला लागले. मी कागद तिच्या हातात परत दिले. म्हटलं, "चोरून नेऊ नको. मला सांगून ने. आणि घडी मोडू नको, जशी आहे तशीच घाल."

का दिले मी? माझी नेमणूक तात्पुरती, नियम स्पष्ट, आणि समिती महिन्यावर आलेली. तिचं बोलणं मात्र मी तपासून घेतलं. दुसऱ्याच दिवशी यार्डात जाऊन फळा बघून आले. खरंच, मराठीत एक अक्षर नव्हतं.

त्यानंतर यार्डात वेगळंच सुरू झालं. जैनथकडचे शेतकरी माल उतरवायला गाडी सोडायच्या आधी प्रश्न विचारायला लागले. मागच्या आठवड्यात अशा कापसाला तो भाव निघाला, मग आम्हाले हा काऊन? ओल हाताने पाहून काऊन सांगता, यंत्र कुठं आहे? कोंडावार शेठ माझ्याकडे येऊन बसले. या वेळी अहवाल वाचायला नाही. "मॅडम, हे कपाट तुमी बंद करा. नाई तर हैदराबादचे सायब आले का मी त्याहिले सांगतो," असं म्हणून चहा न घेता उठून गेले. शेठ चहा न घेता जातात म्हणजे मामला गंभीर होता.

समिती आली ती भर थंडीत. अध्यक्षांच्या गळ्यात मफलर, हातात फाईल, सोबत एक सदस्य. ते सरळ व्यापाराच्या कपाटांशी गेले, एक जाड पुस्तक काढलं आणि शेवटचं पान उघडलं. तिथे तारखेची चिठ्ठी चिकटवलेली असते, पुस्तक घरी नेलं की तिच्यावर तारीख पडते. चिठ्ठी कोरी. दुसरं काढलं, तेही कोरं. ते एकामागून एक शेवटची पानं उघडत होते आणि राव सरांची कानटोपी कपाळावर खाली खाली येत होती.

राव सरांनी इथल्या व्यापाराचं कपाट दाखवलं. त्यातल्या कागदांना चिठ्ठ्याच नव्हत्या, संदर्भाचे म्हणून. अध्यक्ष म्हणाले, "ये रद्दी कोई पढ़ता भी है?" आणि टेबलाशी बसलेल्या रुक्माकडे वळून त्यांनी तेलुगूत तेच विचारलं. तू वाचतेस का हे?

मला वाटलं, सुटलो. आता ही पोरगी सांगेल.

रुक्मा उभी राहिली. ओढणी सारखी केली. आणि स्वच्छ तेलुगूत म्हणाली, "नाही सर. मी हातसुद्धा लावला नाही."

आमच्या मुलखात फाईलवाला साहेब बोट दाखवून विचारतो तेव्हा पहिलं उत्तर नाही असंच असतं. ही विहीर तुझी? नाही. ही म्हैस तुझी? नाही. काल इथे कोण होतं? मी नव्हतो. हो म्हणणाऱ्याचं काय होतं ते आमच्या कारकुनांच्या घरात मी डोळ्यांनी पाहिलेलं. पण या मुलीला कळत नव्हतं का, ही नाही म्हणाली की वर्ग गेला, बस गेली, सगळं गेलं? अध्यक्ष सदस्याला म्हणत होते, वरंगलला निदान मुलं पुस्तकं तरी नेतात.

मी पुढे झाले. जन्मात कधी न विचारता बोलले नव्हते मी. "ती खोटं बोलतेय," मीही तेलुगूत म्हटलं. "हे कागद ती दर आठवड्याला घरी नेते. मी देते."

"संदर्भाचं साहित्य? घरी?"

"हो."

"नियम माहीत आहे ना आपल्याला?"

"माहीत आहे. मोडला."

अध्यक्षांनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं, की ती नजर मी लगेच ओळखली. माझीच होती ती. ही बाई कोर्स वाचवायला बनवून सांगतेय, त्यांना वाटत होतं. त्यांच्या जागी मलाही तेच वाटलं असतं. "काही पुरावा?" त्यांनी विचारलं. कुठून आणणार पुरावा? मी तो कधी ठेवलाच नव्हता.

आणि तेवढ्यात कोंडावार शेठ आत आले. पांढरं धोतर, वर कोट, थेट अध्यक्षांसमोर. सांगितल्याप्रमाणे तक्रार घेऊन आले होते. "साब, ये कपाट बंद करो. ये पोट्टी हर हफ्ते भाव का कागज गाँव को ले जाती, सब कास्तकारों को पढ़के सुनाती. अब वो लोगां गाडी छोड़ने के पहले सवाल पूछते! ओल का यंत्र दिखाओ बोलते! धंदा कैसा करना?"

राव सरांनी कानटोपी काढून हातात घेतली. अध्यक्षांनी शेठना खुर्ची दिली आणि म्हणाले, "फिर से बोलो शेठ. शुरू से बोलो. कौन पढ़ती?"

शेठनी सगळं सुरुवातीपासून सांगितलं, तपशिलात, तावातावाने. रविवारी वसरीत किती लोक जमतात, रुक्मा काय वाचते, कुठल्या शेतकऱ्याने काय विचारलं. आमच्या संग्रहाची एवढी बारीक माहिती माझ्याकडेही नव्हती. अध्यक्ष फाईल मिटून ऐकत होते आणि अधूनमधून रुक्माकडे बघत होते. ती भिंतीला चिकटून उभी होती. शेठना जेव्हा उमगलं की आपण काय करून बसलो, तेव्हा ते बोलता बोलता मध्येच थांबले. मग हसले. व्यापारी माणूस, सौदा अंगाशी आला हे लगेच ओळखलं. "चाय तो पिलाओ मॅडम," म्हणाले.

अभ्यासक्रम आदिलाबादेतच राहिला. जाण्यापूर्वी अध्यक्षांनी तसं तोंडी सांगितलं. भावपत्रकं मुलांना रीतसर घरी द्यायची परवानगीही दिली. मला नियम मोडल्याबद्दल मेमो आला, नोकरी मात्र गेली नाही. राव सर पुढच्या उन्हाळ्यात आपल्या समुद्राकडे गेले, जाताना माझ्या घरी येऊन जेवून गेले. शेठची खुन्नस त्या हंगामापुरती टिकली. पुढच्या वर्षी त्यांनी धाकट्या सुनेला याच वर्गात घातलं. वाचणारं माणूस आपल्याही घरात पाहिजे म्हणाले. प्रत्येकाचं काय नि कशासाठी ते मला नीट कळलं, आणि रात्रीचं जेवण अंगी लागायला लागलं.

एक सोडून.

समिती गेल्यावर मी रुक्माला बस स्टँडपर्यंत सोडायला गेले. रागाने माझे कान तापले होते. यार्डातून रिकाम्या गाड्या परतत होत्या, बैलांच्या अंगावर कापूस. मी म्हटलं, "काय म्हणून खोटं बोललीस गं? वर्ग गेला असता ना! तू घरी बसली असतीस. एवढी अक्कल नाही तुला?"

"आहे ना," ती म्हणाली. "पण मी हो म्हटलं असतं त पुढं कुठं वाचते तेही इचारलं असतं, अन् तुमची नोकरी गेली असती. तुमीच म्हटलं होतं, घरी द्याचं नाई असा नियम आहे. माझं काय मॅडम, मी कापूस येचाले गेली असती."

असं म्हणून ती बसमध्ये चढली, खिडकीशी जागा मिळाली, आणि दुसऱ्या बाजूला बघत बसली. मागे वळून माझं तोंड कसं झालंय ते तिने पाहिलंसुद्धा नाही.

या बोलण्यामागे तिचं काय असेल, हे मी त्या रात्री शोधलं. नंतरही शोधलं, कितीतरी हंगाम. मार्कांसाठी म्हणावं तर मार्क माझ्या हातात नव्हते. पुढच्या कागदांसाठी म्हणावं तर वर्ग गेल्यावर कागदांचं तिला काय काम? मी हुशार बाई. माणसाच्या पोटातलं काढण्यात माझा हात कुणी धरला नसता. या एका मुलीच्या पोटातून मात्र मला दुसरं काहीच काढता आलं नाही.